मचव्यावरचं गाऱ्हाणं

कलमांना मोहोर आला की माझ्या घशाला कोरड पडते. डॉक्टर म्हणतात, फुलोऱ्याची ॲलर्जी असेल, गोळ्या घ्या. मी घेतो. कोरड जात नाही. खरं सांगायचं तर ही कोरड माझी नाहीच, असं मला कित्येक वर्षं वाटत आलं आहे. ती दुसऱ्या कुणाची होती आणि चुकून माझ्याकडे राहिली.

यंदा थंडी बरी पडली, म्हणून मोहोरही लवकर आला. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलं की धुकं अंगावर येतं, झाडाखालची पानं पायाला चिकटतात आणि समोरच्या शाळेतून संमेलनाच्या तालमीचा कालवा ऐकू येतो. कर्ण्यावरून एक बाई ओरडत असतात, "अरे, तोंड लोकांकडे करा!" दरवर्षी एक नाटक असतंच. एक शेंडीवाला, एक दाढीवाला, एक टोपवाला; शेवटी तिघं हातात हात घालून आम्ही सारे एक म्हणतात. टाळ्या पडतात, मीही वाजवतो. मग घरी येऊन पाणी पितो आणि विचार करत बसतो, की हे एवढं सोपं असेल तर आमच्या वेळी इतकं जड का गेलं? की तेही सोपंच होतं आणि आम्हीच त्याचा गुंता करून ठेवला?

वर्ष मला नेमकं सांगता येणार नाही. तिशीचं दशक नुकतं लागलं होतं. त्या सुमारास रमजान मोहोराच्या दिवसांत यायचा, एवढी खूण माझ्या लक्षात आहे. आमच्या रत्नागिरीचं तेव्हा मोठं विचित्र चाललं होतं. एका आठवड्यात सगळ्या जातींचं सहभोजन, तर पुढच्या आठवड्यात मशिदीवरून वाजंत्री न्यायची की नाही यावरून कुरबूर. कधीकधी दोन्हीकडे माणसं तीच. मोठी माणसं ओटीवर बोलत बसली की मी कान देऊन ऐकायचो, आणि यांतलं चांगलं कोण नि वाईट कोण हे काही केल्या कळायचं नाही. वडिलांना विचारलं तर ते म्हणत, "भूमितीचा अभ्यास झाला का?"

आम्हाला मराठी शिकवायला दामले मास्तर होते. अंगाने काटकुळे, आवाज मात्र भला मोठा. पुण्याकडून बदलून आलेले. आमचे हेल त्यांच्या कानात शिरत नसत आणि त्यांची घाई आमच्या अंगात शिरत नसे. कुरबुरीनंतर वर्गात आपोआप दोन रांगा पडल्या होत्या. मास्तरांनी त्या पाहिल्या. दोन-चार दिवसांनी ते नाटकाचे कागद घेऊन आले. "भाषणाने माणूस बदलत नाही," ते म्हणाले. "त्याला दुसऱ्याच्या अंगरख्यात घालावा लागतो."

नाटक होतं एका मचव्याचं. भरदर्यात वारा पडतो, शीड लोंबतं, मचवा जागचा हलत नाही. वर एक भटजी, एक खोत आणि मचवा हाकणारा मुसलमान नाखवा. पाणी उरलंय ते फक्त नाखव्याच्या तांब्यात. भटजी तहानेने व्याकूळ होतो, पण ते पाणी घेत नाही. शेवटी घेतो. एवढीच गोष्ट. मास्तरांनी पात्रं वाचून दाखवली. भटजी कासम, नाखवा मी ब्राह्मणाचा, खोत बाळू गुरव.

"मास्तर, उलटं झालं," बाळू म्हणाला.

"उलटंच करायचंय," मास्तर म्हणाले.

कासम राजिवड्याचा, खाडीकाठच्या मुसलमानी वस्तीतला. त्याचे वडील मोठ्या बोटीवर खलाशी होते, वर्षाकाठी एकदा घरी येत. कासमचं मराठी माझ्याहून स्वच्छ होतं, हे मला कबूल करणं तेव्हा जड जायचं, आता जात नाही. बाळू गावच्या देवळाच्या गुरवाचा. वाजंत्रीच्या कुरबुरीत ताशा त्याच्याच गळ्यात होता, आणि ते तो अभिमानाने सांगायचा. शाळेत त्याच्याकडे आणखी एक काम होतं. पाण्याच्या पिंपाला कासमसारख्या मुलांनी हात लावायचा नाही, खाली वाकून ओंजळ धरायची आणि बाळूने तांब्यातून वरून पाणी सोडायचं, अशी रीत होती. ती कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा तिच्यात काही वावगं दिसत नव्हतं. पाऊस वरून पडतो तसं पाणीही वरून पडायचं.

तालमी शाळेमागच्या कातळावर चालत. गवत वाळून सोनेरी झालेलं, खालच्या बागांतून मोहोराचा वास वर यायचा आणि संध्याकाळी बांगडे सुकत घातलेल्या वाड्यांवरून दुसरा वास यायचा. दोन्ही वास वाऱ्यावर भांडत बसायचे. मला काथ्याची दाढी लावली होती. ती इतकी खाजायची, की नाखवे लोक जन्मभर हे कसं सोसतात याचा मला विचार पडायचा. कासमच्या गळ्यात शीड शिवायच्या दोऱ्याचं जानवं होतं. पडदा म्हणून त्याच्या चुलत्याने मचव्याचं जुनं शीडच आणून दिलं. त्याला तेलाचा आणि माशांचा असा काही वास होता, की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पुढे सबंध नाटक नाकाला पदर लावून पाहिलं.

मास्तरांचं सगळं लक्ष शेवटच्या पाण्यावर होतं. भटजीने पाणी प्यायचं ते आमच्या घरच्या रीतीने, तांब्या वर धरून, ओठ न लावता. ते मी कासमला शिकवलं. पहिल्यांदा पाणी त्याच्या नाकात गेलं आणि आम्ही दोघं हसून हसून कातळावर लोळलो. त्याने मला शिकवलं, की त्यांच्यात पाणी बसून पितात, आधी बिस्मिल्ला म्हणतात आणि तीन घोटांत पितात. मी घरी एकदा तसं पिऊन पाहिलं, आईचं लक्ष नसताना. पाणी पाण्यासारखंच लागलं, याचं मला जरा नवलच वाटलं.

पुढे तालमी रिकाम्या तांब्यानेच होत. रिकाम्या तांब्याने कासम इतकं सुंदर पाणी प्यायचा, की बघणाऱ्याची तहान भागावी. मास्तरांना मात्र ते पुरेसं नव्हतं. "प्रयोगाला खरं पाणी हवं," ते म्हणत. "घोट गिळलेला दिसला पाहिजे. मागच्या बाकावरून घशाची घाटी हललेली दिसली पाहिजे. ती हलली नाही तर आपलं सगळं नाटक खोटं."

आणि मग रमजान लागला.

मास्तरांच्या ते ध्यानातच आलं नाही. आता मला त्याचं हसूही येतं आणि वाईटही वाटतं. ज्या माणसाने एका मुसलमान नाखव्याच्या तांब्यासाठी आपली झोप घालवली, त्याला रमजान कधी आहे हे विचारायचं सुचलं नाही. त्यांना कुणी सांगितलंही नाही. कासमने त्या वर्षी पहिल्यांदाच सबंध महिन्याचे रोजे धरायचं ठरवलं होतं. ईदला वडील येणार होते, आणि एकही रोजा मोडला नाही तर बोटीवर नेऊन इंजिन दाखवणार होते. कासम दुसरं काही बोलतच नसे. इंजिन, इंजिन आणि इंजिन.

"मास्तरांना सांगू या," मी म्हटलं.

"नाय हां, विन्या. सांगितलंस तर घोट कापतील. मग मी नुसता शेंडी हलवत बसू काय?" तो म्हणाला. "आणि आपल्या गावात कुठला कार्यक्रम दिवसाउजेडी लागलाय? आधी भाषणं, मग बक्षिसं. बत्त्या लागल्याशिवाय नाटक लागत नाय. तोवर सांजेची बांग होऊन रोजा सुटेल."

हे मला पटलं. रत्नागिरीत वेळेवर सुरू होतं ते फक्त भरती-ओहोटीचं पाणी.

एकदा बाळू मला पिंपापाशी म्हणाला, "तुझा कासम आठवडाभर पाण्याला फिरकला नाय. भटजी झाल्यापासून माज आलाय वाटतं त्याला." बाळूला खरंच तसं वाटत होतं, की तो मला खडा टाकून बघत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

संमेलनाच्या दिवशी पाहुणे वेळेवर आले. कुणी मोठे साहेब होते आणि त्यांना अंधाराच्या आत होडीने खाडी ओलांडून पलीकडे जायचं होतं. लगेच ठरलं, की नाटक आधी, भाषणं आणि बक्षिसं नंतर. शिडाच्या आड आम्ही उभे होतो. शिडाला एक भोक होतं, त्यातून ऊन आत येत होतं, चांगलं लख्ख पिवळं ऊन. मी त्या उन्हाकडे बघत होतो. कासमचे ओठ पांढरे पडले होते. आमच्या घरचा पितळी तांब्या पाण्याने भरून शेजारी ठेवला होता.

"काय करणार?" मी विचारलं.

"पिईन," तो म्हणाला. "मास्तरांचं नाटक हाय." मग थोड्या वेळाने, "बापाला काय सांगू?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसताना कपाळावरचं गंध पसरलं. मला भयंकर वाईट वाटलं. त्याच्या जागी प्यावं तर मी नाखवा होतो, आणि प्यायचं होतं भटजीने.

बाळू आमच्या मागेच खोताचं उपरणं सावरत उभा होता. त्याने ऐकलं की नाही, देव जाणे.

शीड बाजूला झालं. वारा पडला, आम्ही हाका मारल्या, भटजी फळीवर कलंडला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. आता खोताने उठून वाऱ्यासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचं. मास्तरांनी त्याला दोन ओळी लिहून दिल्या होत्या. त्या झाल्या की मी तांब्या घेऊन पुढे व्हायचं.

बाळू उठला. त्याने उपरणं कमरेला बांधलं, हात जोडले आणि एकदम त्याच्या बापाचा आवाज त्याच्या गळ्यातून आला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव म्हणाला. आमच्याकडे गाऱ्हाण्याला साद द्यावी लागत नाही, ती आपोआप तोंडून निघते.

"आज हा मचवा मधदर्यात अडकलाय, वारा पडलाय, लेकरं तहानेली हायत."

"व्हय म्हाराजा!"

दोन ओळी झाल्या. मी तांब्या उचलला. बाळूने माझ्याकडे न बघता हात आडवा धरला आणि पुढे सुरू झाला. चव्हाट्याच्या धन्याला बोलावलं, खाडीच्या तोंडावरच्या राखणदाराला बोलावलं. बारा वाड्यांच्या शिवा एकेक करून फिरला, कुठलाही धोंडा, कुठलाही वड, कुठलीही घाटी सोडली नाही. कोकणी माणसाला गाऱ्हाणं कुठे संपवावं हे शिकवलेलंच नसतं, कारण एखादा देव राहून गेला तर तो रुसतो. "खाडीपलीकडच्या पीरबाबा, तू पण ऐक म्हाराजा!" बाळू म्हणाला, आणि मागच्या बाजूला बसलेल्या राजिवड्याच्या मंडळींतूनही "व्हय म्हाराजा" आलं. मग बोटीवर गेलेल्या बापांना सुखरूप आण म्हणाला, मुंबईच्या चाकरमान्यांना सांभाळ म्हणाला, कलमांच्या मोहोराला तुडतुडा लागू देऊ नकोस म्हणाला, गणिताच्या मास्तरांच्या छडीला आराम दे म्हणाला. मांडव हसत होता आणि साद देत होता.

विंगेतून दामले मास्तर खुणा करत होते, मग कुजबुजत होते, मग त्यांनी कपाळावर हात मारला. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मी तांब्या छातीशी धरून उभा होतो आणि बाजूला सारलेल्या शिडाच्या भोकातल्या उन्हाकडे बघत होतो. ते नारिंगी झालं, मग तांबडं. फळीवर पडलेल्या कासमचा एक डोळा उघडा होता, तोही तिकडेच.

मग खालून, खाडीच्या बाजूने, बांग आली. तेव्हा कर्णे नव्हते. माणसाचा नुसता गळा, वाऱ्यावर कमी-जास्त होणारा. बाळू बोलता बोलता थांबला. मांडवही थांबला. कुरबुरीनंतर त्या आवाजाला आमच्या गावात पहिल्यांदाच इतकी शांतता मिळाली असेल. बांग संपली तेव्हा बाळू म्हणाला, "एवढं मागून गाऱ्हाणं पुरं करतो म्हाराजा," आणि मागे सरला.

मी पुढे झालो. "भटजीबुवा, दर्या खारा, पण हे गोडं आहे. घ्या."

कासम उठून बसला. वरून प्यायचं तो साफ विसरला. दोन्ही हातांत तांब्या धरला, त्याचे ओठ हलले, आणि शेंडी, गंध, जानवं लेवून बसलेल्या आमच्या भटजीने नाखव्याच्या तांब्याला तोंड लावून तीन घोट घेतले. पाणी हनुवटीवरून जानव्यावर ओघळलं. घाटी हलली. अगदी मागच्या बाकावरूनही दिसली असेल. असा घोट मी पुढे मुंबईच्या मोठमोठ्या रंगभूमीवरही पाहिला नाही.

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही उठून गेले; भटजीने वरून पाणी घेतलं असतं तर ते बसले असते, पण उष्टा तांब्या त्यांना सोसला नाही. माझी आई पदराने डोळे पुसत होती, मी स्वतः पाहिलं. त्याच आईने घरी आल्यावर तो तांब्या चिंचेने घासला आणि आत निखारा टाकून शुद्ध करून घेतला. तिचं रडणं खरं होतं. निखाराही खराच होता. या दोन्ही गोष्टी एका बाईच्या पोटात कशा मावल्या हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

पडद्यामागे मास्तर आमची वाटच बघत होते. "दोन ओळी लिहिल्या होत्या मी. दोन! आणि कासम, इतके दिवस शिकवलं ते काय झालं?" कासम पाण्याने ओल्या तोंडाने त्यांच्याकडे बघून हसला. एवढा सुखी मुलगा मी पाहिला नव्हता. मास्तरांना त्याचा अर्थ लागला नाही, त्यांना तो उद्धटपणा वाटला असावा.

"गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं, मास्तर," बाळू म्हणाला. तेवढंच.

उन्हाळ्यात मास्तरांची बदली झाली. नाटकामुळे झाली असं काही लोक म्हणत, तर काही म्हणत, नेहमीचीच होती. मी बंदरावर त्यांना पोचवायला गेलो. बोटीकडे नेणारा पडाव सुटायच्या आधी मला राहवेना, म्हणून म्हटलं, "मास्तर, त्या दिवशी कासमचा रोजा होता."

ते पडावाकडे वळले होते, तसेच थांबले. मग ट्रंकेवर बसले आणि त्यांनी चष्मा काढला. "मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मग त्यांनी मलाच विचारलं, जसं काही मी मास्तर आणि ते विद्यार्थी, "म्हणजे मग नाटक झालं म्हणायचं की पडलं?"

पडाववाल्याने हाक दिली. पडाव गेला.

कासमला मी पुढे विचारलं, की तू मुद्दाम बसून प्यायलास का? तो म्हणाला, "तहान लागली होती रे." इंजिन त्याने पाहिलं आणि नंतर जन्म त्याच्याच सोबत काढला. बाळूबद्दल मोठेपणी माझ्या कानावर दोन्ही तऱ्हेच्या गोष्टी आल्या. गावात वाजंत्रीवरून पुन्हा वाद झाला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता, ही एक. आणि वादळात राजिवड्याची होडी फुटली तेव्हा रात्रभर पाण्यात उभा राहून माणसं ओढत होता, ही दुसरी. सांगणारे दोघंही खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्याला त्या गाऱ्हाण्याबद्दल मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने पुन्हा तेच सांगितलं असतं, की गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं.

मोहोर आला की मला या सगळ्यापेक्षा ईदनंतरची ती दुपार जास्त आठवते. मधल्या सुटीत कासम महिन्याने पहिल्यांदा पिंपापाशी आला. मी मुद्दाम तिथे जाऊन उभा राहिलो. मला वाटत होतं, आज काहीतरी वेगळं होणार. बाळूने तांब्या भरला. कासमने नेहमीसारखी ओंजळ धरली. बाळूने नेहमीसारखं वरून पाणी सोडलं. कासम प्यायला, तोंड पुसलं आणि गेला.

मला वाटलं, बाळूचा तांब्या त्या दिवशी कासमच्या ओंजळीच्या थोडा जवळ होता. पुढेही दिवसेंदिवस मी बघत राहिलो, आणि तो आणखी जवळ आल्यासारखा वाटायचा. पण त्या वर्षी कासमची उंचीही भराभर वाढत होती.